कोरी डीव्हीडी ९ रुपयांची घ्यावी, २१ ची की ४५ ची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच सांगता येईल. आजोबांच्या कीर्तनाच्या तासाभराच्या ४० कॅसेट तुम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत. पुढच्या वर्षी त्यांची जन्मशताब्दी आहे आणि त्या दिवशी नातेवाईक, गावकरी मिळून १५० जणांना डीव्हीडी द्यायची आहे. कोऱ्या डीव्हीडीचे तुम्हाला तीन भाव मिळाले: बिननावाच्या डब्यातली ९ रुपयांना, नावाजलेल्या कंपनीची २१ ला, आणि त्याच कंपनीची ऑनलाइन ४५ ला. यातला रास्त कोणता? आणि ‘आता या बंदच होणार’ म्हणून दुकानदार ३०० नग घेऊन ठेवा म्हणतोय, ते ऐकावं का?

मी साताऱ्यात २००१ पासून लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. सुरुवातीला व्हीएचएस कॅसेट द्यायचो, मग व्हीसीडी आली, एका लग्नाच्या तीन-तीन. मग डीव्हीडी. भर सीझनला महिन्याला पाच-सहाशे डिस्क आमच्याकडे राईट व्हायच्या. आता वकील मंडळी, भजनी मंडळं आणि थोड्या जुन्या पार्ट्यांसाठीच लागतात, पण लागतात. त्यामुळे भाव, माल आणि फसवणूक, तिन्ही बऱ्यापैकी जवळून पाहिलंय.

थेट उत्तर आधी देतो. तुमच्या कामाला २१ वाला भाव रास्त आहे; मात्र डबा सीलबंद हवा, बिल हवं, आणि २१ मध्ये जीएसटी धरलाय का ते विचारायला हवं. यावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे वरून लागला तर नग २४ रुपये ७८ पैशांना पडतो. ४५ रुपयांत बहुधा फसवणूक नाही. पाच-दहा नगांचा छोटा पॅक, प्रत्येकीला प्लास्टिकचं कव्हर, वर कुरियर, असं सगळं त्यात बसलेलं असतं. दोन-चार नग हवे असणाऱ्याने तो भाव खुशाल द्यावा, दीडशे हवे असणाऱ्याने देऊ नये. ९ वाली घेऊ नका. आणि ३०० तर मुळीच नकोत.

आता कारणं. ९ रुपयांची डिस्क महाग पडते असं लोक सांगतात, कारण म्हणे त्यातल्या बऱ्याच राईट होताना फुकट जातात. हिशेब मांडून पाहा, ते तितकंसं खरं नाही. समजा शंभरातल्या २० वाया गेल्या. १५० चांगल्या प्रती हातात यायला १८८ डिस्क लागतील, म्हणजे १,६९२ रुपये. २१ च्या दराने १५० डिस्कचे ३,१५० होतात. दीड हजार रुपये तरीही वाचतात. वाया गेलेल्या डिस्कमागे तुमची आठ-दहा मिनिटं जातात, पण घरचंच कार्य असेल तर माणूस तेवढा वेळ काढतो. खरा तोटा आहे तो आज राईट झालेल्या, तपासून बरोबर निघालेल्या आणि नंतर मुक्या होणाऱ्या डिस्कचा. तो कोणत्याच बिलात दिसत नाही.

मला तो एकदाच दिसला आणि पुरला. २००९ च्या एका लग्नाच्या डीव्हीडी मी स्वस्तातल्या डब्यातून केल्या होत्या. सात वर्षांनी त्या घरची मुलगी डिस्क घेऊन स्टुडिओत आली. वडील गेले होते, आणि तिला पाठवणीतलं त्यांचं चित्र पुन्हा पाहायचं होतं. डिस्क लागली. मुहूर्तमेढ दिसली, मंगलाष्टकं दिसली, सप्तपदी झाली आणि चित्राचे चौकोन पडायला लागले. पुढे प्लेयर नुसताच फिरत राहिला. पाठवणी शेवटी होती. मी डिस्क ट्यूबलाइटखाली धरली, तर बाहेरच्या कडेने बोटभर रुंदीचा धुरकट पट्टा होता. आमच्याकडची मास्टर कॉपी काढली, ती त्याच डब्यातली, आणि तिचीही कड तशीच झालेली. तिला काय सांगावं मला कळेना. त्या दिवसापासून आमच्याकडे बिननावाचा डबा आलेला नाही.

यात डिस्कची एक गोष्ट समजून घ्या, ती तुमच्याही कामाची आहे. डीव्हीडीवर माहिती आतून बाहेर लिहिली जाते, रेकॉर्डच्या उलट. हलक्या मालात रंगद्रव्याचा थर, म्हणजे लेझर ज्यावर लिहितो तो, आतल्या भागात ठीक असतो, पण कडेकडे जाताना कमी-जास्त होतो. दोन पातळ चकत्या चिकटवून डीव्हीडी बनते, आणि चिकटवणं कच्चं असेल तर हवा आणि ओलावा कडेनेच आत शिरतो. म्हणून नेहमी शेवटचा भाग आधी जातो.

आता तुमच्या कीर्तनांचा हिशेब करू. ४० तासांचा आवाज १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ठेवला, तर साधारण २.३ जीबी होतो. बोलण्याला आणि पेटी-तबल्याच्या साथीला, त्यातही जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या, वाटण्यापुरतं हे पुरेसं आहे. डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, म्हणजे तुमची डिस्क निम्मीच भरेल. राईट झाल्यावर ती उलटी धरून पाहा: भरलेला आणि कोरा भाग वेगवेगळ्या रंगाचे दिसतील, आणि बाहेरची जवळजवळ दीड सेंटिमीटर कड कोरी राहिलेली असेल. सगळ्यात धोक्याची जागा तुम्ही वापरतच नाही आहात. ‘मग ९ वाली का चालणार नाही?’ असं तुम्ही विचाराल. बिननावाच्या डब्यात रंगद्रव्यच कोणतं आहे, ते किती टिकेल, पुढच्या डब्यात तेच असेल का, यातलं काहीच हाती नसतं, म्हणून. आजोबांचा आवाज १५० घरांत जाणार आहे. दीड हजार रुपयांचा फरक मी इथे तरी पाहणार नाही.

नाव पाहून घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. एका घाऊक विक्रेत्याकडून मी चांगल्या कंपनीच्या नावाचा ५० नगांचा डबा आणला होता. वरच्या दहा-बारा डिस्क उत्तम चालल्या, मग एकामागून एक फुकट जाऊ लागल्या. डबा रिकामा केला तेव्हा तळाच्याही काही चांगल्या निघाल्या. मधला माल भलताच होता, छपाई मात्र हुबेहूब. तेव्हापासून मी डब्याच्या वरची एक आणि मधली एक अशा दोन डिस्क काढून त्यांचा कोड पाहतो.

हा कोड म्हणजे काय ते सांगतो. डिस्क खरोखर कोणत्या कारखान्याची आहे, ते बनवतानाच तिच्यात कोरलेलं असतं. डब्यावर कोणाचंही नाव छापता येतं. इम्गबर्न हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडा, कोरी डिस्क रायटरमध्ये घाला, उजवीकडच्या चौकटीत ‘डिस्क आयडी’ किंवा ‘मॅन्युफॅक्चरर आयडी’ अशी ओळ दिसेल. सुरुवातीला एमसीसी असेल तर ती मित्सुबिशी केमिकलच्या पद्धतीची, म्हणजे बहुधा व्हर्बॅटिम. सीएमसी मॅग असेल तर तैवानची सीएमसी, रायटेक असेल तर तैवानचीच रायटेक. तुमचा रायटरही हाच कोड वाचून लेझर किती जोरात मारायचा ते ठरवतो. ओळखीचा कोड असला की तो नीट लिहितो, अनोळखी असला की अंदाजाने लिहितो. ज्याच्या कोडचा पत्ता लागत नाही, किंवा वरच्या आणि मधल्या डिस्कचा कोड वेगळा येतो, तो डबा परत करा. कोडही खोटा घातला जातो हे खरं आहे, तायो युदेन या जुन्या जपानी कंपनीच्या बाबतीत ते पुष्कळ झालं. म्हणून कोड पाहून थांबू नका. एक डिस्क मुद्दाम कडेपर्यंत पूर्ण भरा, नंतरच्या तपासणीच्या खुणेसकट. इम्गबर्नमध्ये ‘व्हेरिफाय’ची खूण असते, ती काढू नका. तुमच्या कीर्तनांना अर्धी डिस्क पुरते, पण चाचणीची डिस्क पूर्ण भरायची, कारण दोष कडेलाच दिसतो.

डबा घेताना सीलच्या प्लास्टिकवर किंवा खालच्या कागदावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष आहे का पाहा. २०११ च्या वैधमापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे पॅकबंद मालावर हे असलंच पाहिजे. वर्षाला मी किमतीइतकंच महत्त्व देतो. कोरी डिस्कही म्हातारी होते. न लिहिलेल्या डिस्कचं आयुष्य ५ ते १० वर्षं धरतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं मोझर बेअरचा माल चालायचा, नोएडाची कंपनी, जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक. ती दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. गोदामांतला तिचा जुना साठा अजूनही कुठे कुठे ‘नवा माल’ म्हणून निघतो. एके काळी तो चांगला होता म्हणून आज घेऊ नका.

दुकानदाराचं ‘बंद होणार’ हे निम्मं खरं आहे. तायो युदेनने २०१५ मध्ये हा धंदा सोडला. पॅनासोनिकने कोऱ्या ब्लू-रे (डीव्हीडीनंतर आलेल्या, जास्त माहिती मावणाऱ्या) डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२३ मध्ये थांबवलं आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. पण ती बातमी ब्लू-रेची होती. बाजारात पोचेपर्यंत ती ‘सगळ्या डिस्क बंद’ अशी झाली. व्हर्बॅटिमचा धंदा मित्सुबिशीने २०१९ मध्ये सीएमसीला विकायचं ठरवलं, आणि या नावाचा माल अजून येतो. बनवणारे कमी झाले, म्हणून भाव चढे आहेत आणि खोटा मालही वाढला आहे. साठा करायचं मात्र हे कारण नाही. आज घेतलेल्या ३०० पैकी उरलेल्या १५० तुम्ही पाच वर्षांनी उघडल्यात, तर जुना मालच वापराल.

मग किती घ्याव्यात? हे तुमच्या नातेवाइकांवर आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आधी फोन करून विचारा की घरात चालू प्लेयर आहे का. आमच्याकडे गेल्या वर्षी एका भजनी मंडळाने १०० प्रतींची ऑर्डर दिली होती. मी त्यांना यादी करायला लावली, तेव्हा प्लेयर असलेली ४० घरं निघाली. बाकीच्यांना पेन ड्राइव्ह दिले आणि तरुण मुलांना फोनवर फाइली. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल. पण तो कळेपर्यंत डिस्क घेऊ नका. लॅपटॉपमध्ये आता रायटर नसतो, गाड्यांमधून सीडी प्लेयर गेले, पण गावाकडे टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर ठेवलेली आणि तो रोज लावणारी माणसं आहेत. डिस्क त्यांच्यासाठी.

ज्यांच्याकडे नुसता एमपी३ चालणारा सीडी प्लेयर आहे, त्यांना डीव्हीडी चालणार नाही. ७०० एमबीच्या सीडीवर १२८ केबीपीएसने साधारण १२ तास बसतात. त्यांच्यासाठी ४० तास चार सीडींत जातील, किंवा निवडक दहा-बारा कीर्तनांची एकच सीडी करा. मी निवडक एक सुचवेन. चार सीडी दिल्या की पहिलीच लावली जाते.

तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या प्लेयरवर आधी एक डिस्क चालवून पाहा, आणि मगच बाकीच्या करा. प्लस (डीव्हीडी+आर) आणि मायनस (डीव्हीडी-आर) असे दोन प्रकार मिळतात. जुन्या प्लेयरसाठी मी मायनस घेतो. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि छोटी ठेवा, सुरुवातीला ०१, ०२ असे आकडेही इंग्रजीच. देवनागरी नावांचे जुन्या प्लेयरच्या पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. पूर्वरंग आणि उत्तररंग वेगळ्या फाइलींत केलेत, तर आख्यान ऐकायचं असलेल्या आजीला तासभर मागे-पुढे करावं लागणार नाही.

डब्यावर राईट करायचा वेग १६ एक्स लिहिलेला असला तरी ८ एक्सने राईट करा. अर्धी भरलेली डिस्क तपासणीसकट आठेक मिनिटांत होते. एका रायटरवर १५० प्रती म्हणजे वीस तास, रायटर तापतो आणि शेवटच्या डिस्क बिघडतात. जवळच्या स्टुडिओवाल्याकडे डुप्लिकेटर टॉवर, म्हणजे एका वेळी अनेक प्रती काढणारं यंत्र, धूळ खात पडलेला असेल, त्याला विचारा. सात ट्रेच्या टॉवरवर हेच काम तीन तासांत होतं आणि तो फारसे पैसे घेणार नाही. वरती आजोबांचा फोटो छापायचा असेल तर प्रिंटेबल, म्हणजे पांढऱ्या पृष्ठभागाची डिस्क मागा, ती थोडी महाग असते. कागदी स्टिकर चिकटवू नका. तो जरासा जरी वाकडा बसला तरी डिस्क फिरताना थरथरते, आणि डिंक पुढे काय करेल ते सांगता येत नाही. हाताने लिहायचं तर डिस्कसाठी मिळणारा मार्कर वापरा, बॉलपेन कधीच नाही. सीडीवर तर मुळीच नाही, कारण सीडीचा थर लिहायच्या बाजूला, पातळ वार्निशखालीच असतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या १५० डिस्क वाटण्यासाठी आहेत, जपण्यासाठी नाहीत. जपायची प्रत एमपी३ मध्ये ठेवू नका. कॅसेटवरून ज्या मूळ दर्जाने उतरवलंत, त्या वेव्ह (आवाज न दाबलेल्या) फाइली जपा. सीडीच्या दर्जाच्या स्टीरिओ ४० तासांचे २५ जीबीपेक्षा थोडे जास्त होतात, म्हणजे २५ जीबीच्या एका ब्लू-रेवर थोडक्यात बसत नाहीत आणि डीव्हीडी सहा लागतात. मूळ कॅसेट मोनो असतील तर फाइली मोनो करून हा आकडा निम्मा होईल. या सहा डिस्कसाठी ४५ काय, त्याहून महाग एम-डिस्क घेतलीत तरी तो भाव रास्तच. तिच्यात रंगद्रव्याच्या जागी दगडासारखा टणक थर असतो. तिला चालणारा रायटर मात्र लागतो, तो आधी पाहून घ्या. असे दोन संच करा, शक्य तर दोन वेगळ्या कोडच्या डिस्कवर. एक तुमच्या घरी, एक दुसऱ्या गावच्या भावाकडे, आणि तिसरी प्रत हार्ड डिस्कवर. दर दिवाळीला एकदा लावून पाहा. आणि कॅसेट टाकून देऊ नका. पावसाळ्यात बुरशी धरते तेवढी सांभाळा, कोरड्या डब्यात उभ्या ठेवा.

थोडक्यात क्रम असा लावा. या आठवड्यात नातेवाइकांचे फोन. मग २१ वाल्याकडून बिलासह ५० नगांचा एकच सीलबंद डबा. पुण्यातल्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणारं कोणी असेल, तर तिथेही त्याच नावाचा, चालू वर्षाचा डबा काय भावाने मिळतो ते विचारून घ्या. वरची आणि मधली डिस्क काढून कोड पाहा, एक कडेपर्यंत भरून जुन्या प्लेयरवर लावा. ठीक निघाली तर त्याच दुकानातून, त्याच लॉटचे बाकीचे डबे घ्या, आणि फोनवर जो आकडा निघेल त्यावर शंभरामागे पाचेक नग जादा धरा. डिस्क आयडीची ओळ आली की इथे लिहा. कोड कोणत्या कारखान्याचा आहे आणि तुमच्या रायटरला तो मानवेल का, ते पाहून सांगतो.